थोड्या पैशांतली एक खोली : प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यात घर बांधायला निघालेल्या माणसाची गाठ आधी मातीशी पडते आणि मग उन्हाशी. भीमा-सीनेच्या काठची काळी, भारी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. तिच्यावर उथळ पाया टाकला की काही पावसाळ्यांतच भिंतीला तिरकी चीर जाते आणि दरवाजा चौकटीत अडकू लागतो. पाऊस इथे बेताचाच, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. ऊन मात्र भरपूर. मार्चपासून पारा चढायला लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यानं चाळिशी ओलांडणं नेहमीचंच. इथल्या घराची परीक्षा उन्हाळा घेतो, आणि लहान घराची तर फारच कठोरपणे घेतो. लहान खोलीत छप्पर डोक्याच्या जवळ असतं आणि दुपारी सरकून बसायला दुसरी खोली नसते.

हे पुस्तक अशाच एका खोलीबद्दल आहे. डाळिंबाच्या बागेशेजारी राखणीसाठी खोली हवी असलेला सांगोल्याकडचा शेतकरी, भावकीच्या वाटणीत गावात जागा न उरल्यानं वस्तीवर राहायला जाणारं कुटुंब, घरकुलाचा पहिला हप्ता खात्यात जमा झालेली एकटी बाई, पुण्याची नोकरी सोडून वडिलांच्या चार एकरांवर परतलेला मुलगा, या सगळ्यांपुढचा प्रश्न एकच आहे. हातात पैसे थोडे आहेत. त्यांत दीडशे ते तीनशे चौरस फुटांची, टिकणारी, वैशाखातल्या दुपारी आत बसवेल अशी जागा कशी बांधायची? बाजारात याचं ठरलेलं उत्तर आहे. पाया अर्धा फूट कमी खणायचा, पत्रा जरा पातळ घ्यायचा, मालात सिमेंट थोडं कमी टाकायचं. सगळीकडून थोडंथोडं कापायचं. पुस्तकाचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. पाया आणि छप्पर या दोन ठिकाणी हात आखडायचा नाही. तिथे लागणारा पैसा घराच्या आकारमानातून, भिंतींच्या रचनेतून आणि दर्शनी सजावटीतून काढायचा. सोलापूरच्या मातीत आणि उन्हात याहून शहाणा हिशेब सापडणं कठीण आहे.

या हिशेबाला मोठा इतिहास आहे, आणि तो या जिल्ह्याच्या शिवारातूनच सुरू होतो.

सर्वांत कमी खर्चाचा निवारा इथे दर हिवाळ्यात कारखान्यांच्या आसपास उभा राहतो. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडून येणारे ऊसतोड मजूर हंगामभर ज्या कोपीत राहतात ती बांबूच्या कमानी, तट्ट्या, पाचट आणि ताडपत्री एवढ्यावर उभी असते. नवरा-बायको मिळून ती काही तासांत उभी करतात आणि हंगाम संपला की मोडून गाडीवर चढवतात. आत वाकून शिरावं लागतं, नहाणीची सोय नसते, पहाटेची थंडी थेट अंगावर येते. कोपीचं कौतुक करणाऱ्यांनी हे विसरू नये. पण कमीत कमी साहित्यात कमान उभी करण्याचं जे कसब त्या हातांत आहे, ते बांबूच्या कामाचं शिक्षण देणाऱ्या कुठल्याही संस्थेनं अभ्यासावं असं आहे.

कोपीच्या वरची पायरी म्हणजे शेतातलं छप्पर. चार मेढी, मधोमध आढं, त्यावर वासे, तुराट्यांचा कूड शेणमातीनं लिंपलेला आणि वर पाचटाची जाड शाकारणी. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट शेतातूनच मिळते आणि मे महिन्यात त्याखाली खरोखर गारवा असतो. त्याचे शत्रू तीन : आग, वाळवी आणि दरवर्षीची शाकारणी. घरातली माणसं कामाला बाहेर पडू लागली, पाचट जाळून टाकायची किंवा रानातच कुजवायची पद्धत पडली, तशी छपरं उतरत गेली.

गावात मात्र वेगळी परंपरा होती, धाब्याच्या घराची. सोलापूर, धाराशिव, लातूर हा सगळा पट्टा बेसाल्टचा. दगड मुबलक, लाकूड कमी, पाऊस थोडा. त्यामुळे उतरत्या कौलारू छपराऐवजी सपाट छप्पर आलं. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या किंवा तुराट्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. ही माती पाणी सहज आत सोडत नाही. जाड भिंत आणि जाड माळवद मिळून दिवसाचं ऊन रात्रीपर्यंत थोपवून धरतात, आणि रात्री माणसं माळवदावर झोपतात. खोलीचं माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि ऐपतीप्रमाणे घर तीन खणांचं किंवा पाच खणांचं. पैसे आले की एक खण वाढवायचा. टप्प्याटप्प्यानं घर वाढवण्याची ही रीत आजच्या वास्तुरचनेच्या अभ्यासक्रमात नव्यानं शिकवली जाते.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, चार वाजायच्या सुमारास, किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं जमीनदोस्त केली. सुमारे आठ हजार माणसं गेली. रिश्टर मापनावर हा भूकंप सहाच्या थोडा वर होता. जगात अशा तीव्रतेचे भूकंप वारंवार होतात आणि प्रत्येक ठिकाणी एवढी माणसं मरत नाहीत. इथे ती मेली ती घरांखाली. जाड भिंती म्हणजे प्रत्यक्षात दगडांचे दोन वेगळे पदर आणि मध्ये मातीचा-खड्यांचा भराव, असं होतं. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड कित्येक भिंतींत नव्हतेच. हादरा बसताच पदर सुटे झाले आणि भिंती पोटातून फुटल्या. माळवदावर दरसाल पावसाळ्याआधी मातीचा नवा थर चढत गेलेला असल्यानं छपराचं वजन पिढ्यान्पिढ्या वाढत राहिलं होतं. ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

किल्लारीनं या भागाच्या मनात माती आणि दगड यांच्याबद्दल जी धास्ती बसवली, ती तीस वर्षांनंतरही गेलेली नाही. ती समजून घेतल्याशिवाय सोलापूरकडच्या माणसाला मातीच्या घराबद्दल काही सांगायला जाणं हा उद्धटपणा ठरेल. त्याच वेळी नुकसानीची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलेली एक गोष्टही सांगितली पाहिजे. जिथे छपराचा भार लाकडी खांबांच्या नीट जोडलेल्या सांगाड्यावर होता, तिथे भिंती ढासळूनही कित्येक ठिकाणी खण उभे राहिले. घात केला तो सुट्या बांधणीनं आणि वाढत्या वजनानं. दगड-मातीचं असं बांधकाम भूकंपात टिकावं म्हणून काय करावं, याची भारतीय मानकं त्याच १९९३ सालात प्रसिद्ध झाली. ती सांगतात त्या गोष्टी साध्या आहेत : ठरावीक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांची पक्की सांधणी, दरवाजा-खिडक्यांच्या डोक्यावर सगळ्या भिंतींना वळसा घालणारा सलग पट्टा आणि हलकं छप्पर. २००२ च्या भूकंप-नकाशात सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात येतं. तेव्हा घर कितीही लहान असो, हा सलग पट्टा त्यात हवाच. त्याला लागणारी सळई आणि सिमेंट छोट्या खोलीसाठी फार नसतं.

भूकंपानंतर पत्र्याचं राज्य आलं. पुनर्वसनात सुमारे पन्नास गावं नव्या जागी वसली, तिथे सिमेंटची घरं मिळाली, आणि मिळाल्यावरही अनेकांनी शेजारी पत्र्याची खोली उभारून तिच्यातच झोपणं पसंत केलं. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचेल, हा विचार चुकीचा नव्हता. शिवाय पत्रा लवकर चढतो, उतरवता येतो, विकताही येतो. आज सोलापूर जिल्ह्यातही कुठल्याही वस्तीवर गेलं तरी लोखंडी अँगलवर ठोकलेला पत्रा दिसतो. पण दुपारी बारा ते पाच त्या खोलीत लहान मूल निजवता येत नाही. कमी पैशांत बांधलेली खोली वर्षातले तीन महिने दिवसा वापरता येत नसेल, तर वाया गेलेला तो वापरही खर्चातच धरला पाहिजे. पुस्तकातला सर्वांत मोठा भाग छपराला दिला आहे तो यासाठीच. पत्र्याला बाहेरून चुन्याचा दाट पांढरा हात देणं, पत्रा आणि खोली यांच्यामध्ये हवा खेळेल असं दुसरं हलकं आवरण घालणं, छप्पर उंच घेऊन माथ्याशी गरम हवेला वाट ठेवणं, पश्चिमेला ओसरी आणि लिंबाचं झाड, हे उपाय स्वस्त आहेत आणि कुठलाही गवंडी ते करू शकतो. सिमेंटचा स्लॅब पत्र्यापेक्षा बरा, ही समजूतही तपासून पाहावी लागते. चार-पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि माणसं झोपायला आली की ती उष्णता खाली सोडू लागतो.

सोलापूरबाहेर, पण महाराष्ट्रातच, या प्रश्नाचा विचार वर्ध्यात सर्वांत निष्ठेनं झाला. सेवाग्रामला १९३६ पासून उभ्या राहिलेल्या आदी निवास आणि बापू कुटी या वास्तू मातीच्या भिंती, बांबू, लाकूड आणि कौलं यांच्या आहेत. आसपास मिळेल तेच साहित्य, गावातल्या कारागिरांचे हात आणि गरजेपुरती जागा, ही गांधीजींची अट होती आणि ती प्रत्यक्षात उतरवण्यात त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी मोठा भाग उचलला. त्या वास्तू आजही उभ्या आहेत, कारण त्यांची निगा राखली जाते. मातीच्या घराच्या हिशेबात ही निगा धरावीच लागते. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचे विद्यार्थी देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केलं. केंद्रानं कुंभाराच्या चाकावर घडवलेली, एकमेकांत बसणारी शंकूच्या आकाराची कौलं वापरून कमानदार छप्पर विकसित केलं. त्याला ना तुळई लागते ना सळई, आणि गावातल्या कुंभाराला काम मिळतं. छपराचा पैसा गावात राहावा, हा विचार या परंपरेचा कणा आहे.

दुसरी मोठी परंपरा लॉरी बेकर यांची. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा वास्तुरचनाकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत गांधीजींना भेटला, पुढे कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयांसाठी भारतात परत आला, पिथोरागडच्या डोंगरात अनेक वर्षं राहिला आणि अखेर केरळचा झाला. २००७ साली तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं निधन झालं. बेकर खर्च कमी करत ते प्रत्येक विटेला जाब विचारून. ही वीट इथे का आहे? गिलावा कशासाठी? चौकटीला लाकूड किती लागतं? विटा आडव्या न ठेवता कडांवर उभ्या रचून भिंतीच्या पोटात पोकळी सोडण्याची जी रॅट-ट्रॅप पद्धत त्यांनी केरळभर रुजवली, तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, माल कमी लागतो आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. स्लॅबच्या खालच्या अंगाला काँक्रीटचं फारसं काम नसतं. तिथे जुनी मंगलोरी कौलं भरून काँक्रीट वाचवण्याची त्यांची फिलर स्लॅबची रीतही अशीच साधी आहे. सोलापुरात या दोन्ही गोष्टींना वाव आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र आहे, आणि अशा केंद्रांची राख हाच राखेच्या विटांचा कच्चा माल. या विटा मापाला एकसारख्या असतात. रॅट-ट्रॅप भिंतीला नेमक्या तशाच विटा लागतात.

तिसरी वाट प्रयोगशाळांची. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केला. जमिनीत खोल भोक पाडून तळाशी ते फुगीर करायचं आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे वरची माती फुगली-आकसली तरी पाया हलत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकारानं ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला. थोडं सिमेंट मिसळून हातयंत्रावर दाबलेल्या मातीच्या विटा तिथल्या कामातून दक्षिणेत पसरल्या, आणि ऑरोविलमध्ये त्या कामाला जगभर नाव मिळालं. या विटा भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे सरपण वाचतं. इथे सोलापूरकरानं एक इशारा लक्षात ठेवायचा. काळी माती या विटांना चालत नाही. वाळूचं प्रमाण चांगलं असलेली मुरमाड, तांबूस माती लागते. यंत्र आणलं आणि शेतातली काळी माती घातली, तर सगळी मेहनत भेगांत जाते.

अलीकडे पालघर जिल्ह्यात ‘डिझाइन जत्रा’सारखे तरुण वास्तुरचनाकारांचे गट स्थानिक कारागिरांना बरोबर घेऊन माती, बांबू आणि दगडात बांधत आहेत. त्यांच्या कामाकडे शहरातले लोक हौसेनं पाहतात, आणि त्यात काही वाईट नाही. मात्र शहरी हौसेचं मातीचं घर आणि गरजेचं मातीचं घर यांच्या खर्चात फार फरक असतो. हौसेच्या घराला दुरून कारागीर येतात आणि निगेचा खर्च परवडतो. हे पुस्तक गरजेच्या घराच्या बाजूनं उभं आहे.

परदेशातली दोन उदाहरणं इथे कामाची आहेत. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरोनं १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांची खोली बांधली आणि खिळ्यांपासून चुन्यापर्यंत सगळा हिशेब छापला : २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्यांसाठी त्यानं रेल्वेच्या एका मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मोडली, विटा जुन्या घेतल्या. या हिशेबात दोन गोष्टी नाहीत. जमीन मित्राची होती आणि त्याच्या स्वतःच्या मजुरीची किंमत धरलेली नव्हती. थोड्या पैशांत घर बांधल्याची कुठलीही कथा ऐकताना हे दोन प्रश्न विचारावेत. दुसरं उदाहरण लंडनमधले वास्तुरचनाकार वॉल्टर सीगल यांचं. १९६३ साली त्यांनी स्वतःच्या बागेत तात्पुरतं घर बांधलं ते आठशे पौंडांच्या आसपास, बाजारात मिळणारे तक्ते ज्या मापात येतात त्याच मापावर खोली आखून, म्हणजे कापाकापी नाही आणि तुकडे वाया नाहीत. पुढे लंडनच्याच लुइशम भागात सामान्य माणसांनी त्यांच्या पद्धतीनं स्वतःची घरं बांधली. पत्रा दहा फुटी किंवा बारा फुटी येत असताना अकरा फुटांची खोली आखणारा आपला शेतकरी प्रत्येक पत्र्यामागे पैसा फेकतो. आकाराचंही तसंच आहे. बारा बाय बाराच्या खोलीला ४८ फूट भिंत लागते. तेवढंच क्षेत्रफळ आठ बाय अठरात बसवलं तर ५२ फूट लागते. कागदावर पेन्सिलीनं वाचवता येणारा हा पैसा आहे.

सरकारचा हात या क्षेत्रात सर्वांत लांब पोहोचतो. १९८५ साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण यांनी खेड्यातल्या छोट्या घराचं मापच ठरवून टाकलं. स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं साहाय्य, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांच्या आसपास मजुरी आणि शौचालयासाठी वेगळी रक्कम. राज्याच्या रमाई, शबरी अशा योजना याला जोडून आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेतली एक अट फार चांगली आहे : घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही. याच योजनेच्या निमित्तानं केंद्र सरकारनं ‘पहल’ नावाचा नमुना-घरांचा संग्रह तयार केला. त्यात राज्याराज्यांतल्या हवामानाप्रमाणे आणि स्थानिक साहित्याप्रमाणे घरांचे आराखडे आहेत. तो संग्रह गावच्या गवंड्यापर्यंत पोहोचायला हवा होता. तो पोहोचला नाही, आणि म्हणून रत्नागिरीच्या पावसात आणि सोलापूरच्या उन्हात एकाच तऱ्हेचा डबा उभा राहताना दिसतो.

आणि मग कुंभारी. कमी पैशांतल्या घराबद्दल सोलापूरनं देशाला सांगावं असं काही असेल तर ते अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावाजवळ आहे. घरोघर विड्या वळणाऱ्या बायकांनी, नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली, लाल बावट्याच्या संघटनेतून वर्षानुवर्षं घराची मागणी लावून धरली. त्यांच्या गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरं १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. वसाहतीला नाव दिलं कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं. साठ हजार रुपयांच्या घरात एक तृतीयांश केंद्राचा, एक तृतीयांश राज्याचा आणि उरलेला वाटा कामगार बाईचा स्वतःचा. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर ठरलं. २०१९ च्या जानेवारीत त्याची पायाभरणी झाली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. एकट्या विडी कामगार बाईला बँकेनं दारात उभं केलं नसतं. हजारोंनी एकत्र येऊन जमीन, साहित्य आणि कर्ज या तिन्ही गोष्टींची घासाघीस केली, म्हणून ते घर तिच्या आवाक्यात आलं.

कुंभारीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती आराखडे काढणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. विडी कामगार बाईचं घर हाच तिचा कारखाना असतो. ती सकाळपासून पानं कापते, तंबाखू भरते, दोरा बांधते, आणि हे सगळं उंबऱ्याशी, उजेडात. तिच्या दृष्टीनं चांगली खोली म्हणजे दारापाशी उजेड आणि सावली एकाच वेळी मिळते ती, आणि जिथे तंबाखूची धूळ स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे जात नाही ती. शेतातल्या खोलीतही दिवसातले बरेच तास धान्य निवडण्यात, कांदा भरण्यात, डाळिंबाच्या खोक्यांत जातात. ओसरीचे पाच फूट या कामांसाठी आतल्या दहा फुटांइतके मोलाचे असतात, आणि त्यांना तीन बाजूंच्या भिंतींचा खर्च नसतो.

आजच या विषयावर पुस्तक का हवं, याची कारणं शिवारात दिसतात. वाळू दुर्मीळ झाली आहे आणि क्रश सँडवर काम चालतं. सिमेंट-सळईचे भाव एका घराचा आराखडा पुरा होईपर्यंत बदलतात. उन्हाळे असह्य होत चालले आहेत. कुटुंबं लहान झाली आहेत आणि वस्तीवर राहणारी माणसं वाढली आहेत. आणि एक खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे साध्या खोलीसाठीही आता कॉलम-बीमचा सांगाडा उभारला जातो, पुढे कधीतरी माडी चढवायची म्हणून. स्लॅबवर गंजत उभ्या असलेल्या सळया गावोगाव दिसतात. तळमजल्याच्या एका खोलीचा भार नीट बांधलेल्या भिंती सहज पेलतात. त्या सळयांचा पैसा पाया खोल नेण्यात गेला असता, तर भिंती तडकल्या नसत्या.

लेखकांनी या पुस्तकात एकच आदर्श आराखडा दिलेला नाही, हे बरं केलं. माळरानावर दोन फुटांवर मुरूम लागतो, तर नदीकाठच्या शेतात दहा फूट खणूनही काळी माती संपत नाही. दोघांना एकच पाया कसा चालेल? म्हणून त्यांनी जमिनीचे प्रकार, छपराचे प्रकार आणि भिंतींचे प्रकार वेगवेगळे मांडले आहेत, आणि वाचकानं आपल्या जागेप्रमाणे त्यांची जोडणी करावी अशी अपेक्षा ठेवली आहे. खर्चही रुपयांत न देता सिमेंटची पोती, मुरूम-वाळूचे ब्रास, विटांची संख्या आणि गवंडी-बिगाऱ्यांचे दिवस यांत दिला आहे, कारण रुपयांचा आकडा छापून येईपर्यंत जुना होतो. शहाबादी फरशीचा वापर हे पुस्तकातलं खास सोलापुरी प्रकरण म्हणता येईल. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी ही फरशी इथे जमिनीला सगळेच वापरतात. लेखकांनी ती ओटा, फडताळ, खिडकीची बैठक आणि माळा यांसाठीही घेऊन लाकूड आणि प्लायवूड जवळपास हद्दपार केलं आहे. जुनी दारं-खिडक्या, पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, वापरलेले पत्रे यांची पारख कशी करावी, हेही त्यांनी तपशिलात सांगितलं आहे. कायद्याची बाजू थोडक्यात आली आहे. शेतजमिनीवर घर बांधण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये आहे, पण जागा गावठाणात आहे की बाहेर, शहराच्या हद्दीजवळ आहे की दूर, यावर परवानगी कुणाची हे ठरतं, म्हणून काम सुरू करण्याआधी तलाठी आणि ग्रामपंचायत यांच्याकडे सातबारा घेऊन जावंच लागतं.

एका बाबतीत लेखकांशी मतभेद होऊ शकतो. स्वतःच्या हातांनी बांधण्यावर त्यांचा बराच भर आहे. भराव, पाणी मारणं, चुना देणं, सारवण ही कामं घरच्या माणसांनी करावीत, हे ठीक. पण सुगीच्या दिवसांत शेतकऱ्यानं स्वतः गवंडीकाम करायला घेतलं तर शेताचं नुकसान घराच्या बचतीपेक्षा मोठं होईल. शिवाय दगडकामातलं वडार कारागिरांचं आणि वीटकामातलं गवंड्यांचं कौशल्य या जिल्ह्यात आहे, आणि त्याला योग्य मजुरी मिळणं हाही स्वस्त घराचाच भाग मानला पाहिजे. चांगला गवंडी एका पाहणीत जे वाचवतो, ते नवख्याला वर्षभर झटूनही वाचवता येत नाही.

वाचकानं हे पुस्तक हातात घेतल्यावर आराखड्यांकडे वळण्याआधी एक काम करावं. मे महिन्यात, जमीन पुरती वाळलेली असताना, घर जिथे बांधायचं तिथे दोन बाय दोन फुटांचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा आणि किती फुटांवर मुरूम लागला ते लिहून ठेवावं. पाया किती खोल न्यायचा हे त्या आकड्यावर ठरेल, आणि खोली केवढी परवडेल हे पायाच्या खर्चावर. तो आकडा घेऊन दुसरं प्रकरण उघडावं.